काचेवरची वाफ

विरारला हीटर कशाला लागतो? डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या लोकलसाठी फलाटावर उभं राहताना अंगावर एक स्वेटर चढतो, मुलांच्या डोक्याला कानटोपी बसते, तेवढीच आमची थंडी. २०१५ साली आम्ही सेकंडहँड गाडी घेतली तेव्हा विकणाऱ्याने एसी लावून दाखवला, टेप वाजवून दाखवला. हीटर त्याने दाखवला नाही आणि आम्ही विचारलाही नाही. डॅशबोर्डवरचा लाल-निळ्या पट्टीचा तो नॉब कायम निळ्या बाजूलाच राहिला.

आम्ही म्हणजे तिघं भावंडं, दोन भाऊ आणि एक बहीण. गाडी तिघांच्या पैशाची. ती अब्बांसाठी घेतली, असं आम्ही नातेवाइकांना सांगत असू. ते अगदीच खोटं नव्हतं. आम्ही तिघंही नोकरीला लोकलने जाणारे. आठवडाभर गाडी अब्बांच्याच हातात असे. सुनेला स्टेशनवर सोड, नातवंडांना शाळेतून आण, अम्मीला दवाखान्यात ने, जुम्म्याला शेजारच्या दोन म्हाताऱ्यांना मशिदीत पोचव. गाडी आल्यावर अब्बा पुन्हा सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार होऊ लागले होते.

अब्बांनी मुंबईत एकोणचाळीस वर्षं टॅक्सी चालवली. १९७४ साली बॅज मिळाला. आधी मालकाची फियाट, मग १९९२ साली कर्ज काढून स्वतःची प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. तिच्यावर आमची शिक्षणं झाली, बहिणीचं लग्न झालं, डोंगरीची खोली सोडून विरारला मनवेलपाड्यात वन रूम किचन झालं. २०१३ साली सरकारने टॅक्सीचं वय वीस वर्षांवर आणलं आणि अब्बांची पद्मिनी भंगारात गेली. तिचा पितळी बिल्ला तेवढा घरी आला. २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली तेव्हा वर्तमानपत्रांनी मोठमोठे फोटो छापले. अब्बांनी पेपर पाहिला, घडी घातली आणि म्हणाले, "आमची दहा वर्षं आधीच गेली."

त्या पद्मिनीत एसी नव्हता, हीटर नव्हता, काचेवर हवा सोडणारा पंखा नव्हता. पावसात चार ओले प्रवासी आत बसले की पुढच्या काचेवर आतून वाफ धरणारच. माणसाच्या श्वासात पाणी असतं, ओल्या कपड्यांतून आणखी येतं आणि पावसाने थंड झालेल्या काचेवर ते जाऊन बसतं. अब्बांचा इलाज ठरलेला होता. पुढच्या दारांना जी तिकोनी काच असे ती थोडी वळवायची, म्हणजे बाहेरची हवा आत फिरते आणि पाऊसही फारसा येत नाही. मांडीवर एक सुती फडका. वायपर बिघडला तर विडीतली तंबाखू काचेवर बाहेरून चोळायची, म्हणजे पाण्याचे थेंब न राहता ते सपाट पसरतं. नव्या गाड्यांत तिकोनी काच राहिली नाही. तिचं काम आता पंख्याकडे आलं आहे, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

२०१८चा जुलै वसई-विरारकर विसरणार नाहीत. ९ आणि १० तारखेला पाऊस थांबेचना. नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, विरारच्या लोकल बंद पडल्या, वसईच्या मिठागरात माणसं अडकून पडली, वीज गेली. आमच्या इमारतीच्या आवारात गुडघ्याच्या वर पाणी होतं आणि गाडी त्यात उभी होती. पाणी ओसरल्यावर दारं उघडली तर पायाखालची जाजमं तरंगून सीटवर आलेली. आम्ही सगळं बाहेर काढून वाळवलं, मिस्त्रीने ऑइल बदललं, प्लग साफ केले. तिसऱ्या दिवशी इंजिन एका सेल्फमध्ये चालू झालं. आम्ही अल्हमदुलिल्लाह म्हटलं आणि विमावाल्याकडे खेटे घालायचे वाचले म्हणून खूश झालो.

पंखा मात्र डॅशबोर्डच्या खाली, डाव्या सीटवर बसणाऱ्याच्या पायांपुढे असतो. पाणी आत शिरलं की आधी तो भिजतो. महिन्याभराने तो एक, दोन आणि तीनवर चालेनासा झाला. फक्त चारवर चाले, तोही कुकरच्या शिट्टीसारखा किंचाळत. आम्ही रस्त्यावरच्या एका वायरमनला दाखवला. "रेझिस्टन्स उडालाय," असं म्हणत त्याने दहा मिनिटांत नवा बसवला. पंधरा दिवस सगळं ठीक, मग पुन्हा तेच. पुन्हा पैसे कोण घालणार? चारवर चालतो ना, झालं तर! रविवारी आम्ही बायकामुलांना घेऊन अर्नाळ्याला जायचो तेव्हा चारवर एसी लावायचो, वर गाणी लावायचो. आवाजाचं काही वाटलं नाही.

अब्बांना तो आवाज सोसत नसे. त्यांना इंजिन ऐकत गाडी चालवायची सवय. शिवाय चारवरची हवा थेट गुडघ्यांवर येई आणि त्यांचे गुडघे दुखत. एसी त्यांनी कधीच लावला नाही; पेट्रोल जास्त जातं आणि पेट्रोल मुलांच्या पैशाचं, हा त्यांचा हिशेब. म्हणजे पंखा त्यांच्यापुरता बंदच होता. ऑगस्टभर ते आम्हाला सांगत होते, "काच धरते रे. पंखा बघून घ्या." आम्ही हो हो म्हणत होतो.

सप्टेंबरमध्ये भर पावसात फुलपाड्याच्या रस्त्यावर त्यांनी एका रिक्षाला घासलं. कुणाला लागलं नाही. रिक्षाचा पत्रा वाकला, आमचा आरसा गेला. पण रिक्षावाला चार लोकांत ओरडला, "चाचा, दिसत नाही तर गाडी कशाला चालवता?" आमच्या ओळखीच्या एकाने ते ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत ते आमच्या घरी पोचलं.

त्या रात्री अब्बा पुन्हा म्हणाले, "काचेवर वाफ होती. फडक्याने पुसत होतो, तेवढ्यात तो आडवा आला." आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सत्तर वर्षांचा माणूस काच धुरकट दिसते म्हणतो याचा अर्थ आमच्या मते एकच होता. दुसऱ्या दिवशी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे, इतक्यात ऑपरेशनची गरज नाही, चष्म्याचा नंबर मात्र बदलला आहे. एवढ्या लांब वाक्यातला आम्ही एकच शब्द घरी आणला. नवा चष्मा केला आणि गाडीची किल्ली आमच्या कपाटात ठेवली. हे एकाने ठरवलं, दुसऱ्याने अब्बांना सांगितलं आणि तिसरी गप्प बसली. कुणी काय केलं ते इथे लिहीत नाही. 'आम्ही' म्हटलं की प्रत्येकाला थोडी सावली मिळते.

अब्बा वाद घालत बसले नाहीत. "ठीक आहे," एवढंच म्हणाले. हळूहळू त्यांनी रोज दाढी करणं सोडलं. जुम्म्याला चालत जाऊ लागले. शेजारचे दोघे म्हातारे रिक्षाने जाऊ लागले. अम्मी एकदा आम्हाला म्हणाली, "त्यांना निदान गाडी पुसू तरी द्या." त्यावर आम्ही हसलो होतो.

हिवाळा गेला, उन्हाळा गेला. कोरड्या हवेत काच स्वच्छच असते, त्यामुळे आमचं म्हणणं आम्हालाच पटत राहिलं. २०१९च्या जुलैत पालघरला खाला आजारी पडली म्हणून आम्ही तिघं आणि बहिणीचं तीन वर्षांचं पोर असे गाडीने गेलो. परतताना रात्र झाली. मनोरला हायवेला लागलो तेव्हा पाऊस असा होता की पुढच्या ट्रकचे लाल दिवेच काय ते दिसत. दवाखान्यातून गाडीपर्यंत येताना सगळे भिजलेले. पाच-दहा मिनिटांत काच पांढरी झाली.

आधी वायपर जोरात केला. वायपर बाहेर, वाफ आत, हे डोक्यात यायलाही वेळ लागला. मग पंखा चारवर नेला. किंचाळणं नाही, हवा नाही, काही नाही. तो पुरता बसला होता. पंखा नाही म्हणजे एसीही नाही, कारण एसीची हवासुद्धा तोच ढकलतो. हाताने पुसलं तर काचेवर ओरखडे उठले आणि समोरून येणारा प्रत्येक दिवा त्या ओरखड्यांवर फुटून डोळ्यांत घुसू लागला. खिडक्या उघडल्या तर पाऊस थेट पोरावर. ते रडू लागलं. खानिवड्याचा टोलनाका कसाबसा मागे टाकला. शिरसाडच्या अलीकडे डाव्या बाजूला एक ट्रक बंद पडून उभा होता, मागे दिवा नाही की काही नाही. बहीण ओरडली म्हणून ब्रेक लागला. गाडी ट्रकच्या मागच्या फळीपासून हातभर अंतरावर थांबली. काही क्षण कुणी बोललं नाही. पोरसुद्धा रडायचं थांबलं होतं.

तिथून विरार फाट्यापर्यंत एकजण ओढणीने काच पुसतोय, एकजण डोकं बाहेर काढून रस्ता सांगतोय, असे आम्ही बैलगाडीच्या चालीने आलो. वाटेत बहीण एकच वाक्य बोलली, "अब्बा हेच सांगत होते." घरी आलो तेव्हा अब्बा गॅलरीत उभे होते. "पाऊस फार होता?" त्यांनी विचारलं. आम्ही हो म्हटलं. ट्रकचं सांगायला आम्हाला आठ दिवस लागले.

पुढच्या रविवारी चंदनसारच्या बाजूला एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गाडी नेली. अब्बांना बरोबर चला म्हटलं. ते आढेवेढे घेऊन आले. मिस्त्रीने डाव्या सीटखाली आडवं होऊन पंख्याची मोटर खाली उतरवली आणि जुन्या वर्तमानपत्रावर ठेवली. जाळीत वाळलेली माती, कुजलेली पानं, प्लॅस्टिकचा एक तुकडा. वर्षभरापूर्वीचा पूर आमच्या गाडीत अजून शिल्लक होता. मोटरचा दांडा हाताने फिरवला तर गंजून जड झालेला, कार्बन झिजून नखाएवढे उरलेले.

मिस्त्री बोलका होता. एक, दोन, तीनवर करंट रेझिस्टन्सच्या तारेतून जातो, तार थोडा अडवते म्हणून पंखा हळू फिरतो. चारवर तो थेट मोटरला जातो. म्हणून रेझिस्टन्स जळला की फक्त चार उरतो. ती तार थंड राहावी म्हणून पंख्याच्याच हवेत बसवलेली असते. आता मोटर जड झाली की ती करंट जास्त ओढते, वर हवाही कमी फेकते, म्हणजे तार दोन्हीकडून तापते आणि उडते. "मोटर न काढता तुम्ही दहा रेझिस्टन्स लावले असते तरी दहाही जळले असते." मग त्याने आम्हाला नॉब समजावला. पावसात हवेचा बाण काचेकडे, बाहेरची हवा आत घेणारी खिटी उघडी, एसी चालू आणि नॉब थोडा लालकडे. एसी हवेतलं पाणी काढून घेतो, हीटर काच कोमट ठेवतो, वाफ धरत नाही. नुसता थंडगार एसी काचेवर मारत राहिलात तर आपल्याकडच्या दमट हवेत वाफ बाहेरून धरते. ती मात्र वायपर काढतो. आणि घाटात इंजिन तापलं, जवळ पाणी नसलं, तर हीटर पूर्ण लाल करून पंखा चारवर सोडायचा. इंजिनची उष्णता गाडीत येते, आपण घामाने निथळतो, पण पुढच्या गॅरेजपर्यंत कदाचित पोचतो. विरारला हीटर कशाला लागतो याचं उत्तर आम्हाला चार वर्षांनी मिळालं.

अब्बा स्टुलावर बसून सगळं बघत होते. मोटर हातात घेऊन त्यांनी दांडा दोनदा फिरवून पाहिला. मिस्त्री त्यांना म्हणाला, "चाचा, गेल्या पावसाळ्यात गाडी तुम्ही चालवायचात ना? मग तुम्हाला हे तेव्हाच कळलं असणार."

"सांगितलं होतं," अब्बा म्हणाले.

आमच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. आम्ही तिघंही त्या मातीकडे बघत होतो.

नवी मोटर, नवा रेझिस्टन्स, करपलेलं सॉकेट बदलून संध्याकाळी गाडी तयार झाली. बिल इतकं किरकोळ होतं की ते सांगायची लाज वाटते. रिक्षावाल्याला पत्र्याचे आम्ही त्याहून जास्त दिले होते. किल्ली आम्ही अब्बांपुढे धरली. आमच्यातल्या एकाने माफी मागायला तोंड उघडलं तर अब्बांनी हाताने थांबवलं. ते गाडीत बसले, सीट पुढे ओढली, आरसा खाली केला आणि चंदनसारहून घरापर्यंत गाडी आणली, एकदाही कचकन ब्रेक न लावता. पाऊस रिमझिम होता. पंखा दोनवर चालू होता आणि त्याचा आवाज येत नव्हता.

आवारात गाडी लावून त्यांनी किल्ली आमच्या हातात परत दिली. आम्ही म्हटलं, "अब्बा, तुमच्याकडेच ठेवा." ते म्हणाले, "लायसन आता संपत आलंय. पुन्हा नाही करणार." डोळ्यांचं कारण त्यांनी सांगितलं नाही. आम्ही फार आग्रह केला. एकदा फॉर्मही आणून ठेवला. तो फॉर्म टीव्हीखालच्या खणात तसाच पडून होता. पुढे त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर नातवाने ट्रेन काढली.

मोतीबिंदूचं ऑपरेशन २०२२ साली झालं, दोन्ही डोळ्यांचं. पेपर आता ते चष्म्याशिवाय मोठ्या अक्षरांपुरता वाचतात. गाडीत डावीकडे बसतात, मांडीवर सुती फडका असतो. पाऊस सुरू झाला की चालवणाऱ्याने काही करायच्या आधी त्यांचा हात नॉबकडे जातो: बाण काचेकडे, पंखा दोनवर, नॉब थोडा लालकडे. गेल्या पावसाळ्यात नालासोपारा फाट्यापाशी जोराची सर आली. अब्बांनी काचेकडे पाहिलं आणि म्हणाले, "तीनवर घ्या." आम्ही घेतला.