मालेगावचा भुईकोट आणि लुटुपुटूची लढाई

नाशिकला समुद्र नाही. तरीही रामकुंडाजवळच्या नारोशंकराच्या देवळावर टांगलेली मोठी घंटा समुद्राकाठून आलेली आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकली. तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठी मुलुखात ठिकठिकाणी गेल्या. त्यातली एक गोदाकाठी आली आणि नारोशंकराची घंटा म्हणून प्रसिद्ध झाली. नारोशंकर राजेबहाद्दर हे पेशव्यांचे सरदार. त्यांनीच १७४० च्या सुमारास मोसम नदीच्या काठी मालेगावचा भुईकोट किल्ला बांधायला घेतला. त्यांची घंटा सर्वांना माहीत आहे. त्यांच्या किल्ल्यावर पुढे काय घडले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मालेगावचा माझा भाचा आमच्याकडे राहायला आला होता. तो मोबाइलवर एकच प्रकार पुन्हा पुन्हा बघत होता. डोक्याला रुमाल बांधलेले, गुडघ्यापर्यंत बूट चढवलेले लोक शिडाच्या जुन्या जहाजावरून तोफा उडवत होते. "मामू, हे चाचे आहेत," तो म्हणाला. त्याच्या सहा वर्षांच्या बहिणीने लगेच विचारले, "कोणाचे चाचा?" आमच्या घरात चाचा म्हणजे अब्बांचा भाऊ, आणि मराठी पुस्तकातला चाचा म्हणजे समुद्रावरचा लुटारू. हा फरक तिला समजावताना घरातले सगळे हसून बेजार झाले.

युरोप-अमेरिकेत हा मोठ्या माणसांचा छंद आहे. जुन्या काळचे कपडे हाताने शिवायचे, जुन्या बांधणीच्या जहाजावर चढायचे, ठासणीच्या बंदुकीत दारू भरून नुसता बार काढायचा. गोळी भरायची नसते. अनेक गटांत तर दारू ठासायचा गजही नळीत घालू देत नाहीत, कारण घाईत तो आत राहिला तर गोळीसारखाच सुटतो. अमेरिकेतल्या टॅम्पा शहरात १९०४ पासून चाच्यांचा उत्सव भरतो. त्यासाठी १९५४ मध्ये खास जहाज बांधले गेले. मौज अशी की ज्या होजे गास्पार नावाच्या चाच्यासाठी हा सगळा थाटमाट चालतो, तो कधी होऊन गेला याचा पुरावाच नाही.

उलट आपल्याकडे खरी माणसे होऊन गेली आणि त्यांच्यावर चाचेपणाचा शिक्का बसला. कान्होजी आंग्रे मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल होते. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजाने आपला दस्तक घ्यावा, अशी त्यांची मागणी होती. स्वतः असाच परवाना देणाऱ्या युरोपियनांना ती पटली नाही आणि इंग्रजांच्या कागदांत कान्होजी चाचे झाले. त्याआधी शिवरायांच्या आरमारात दर्यासारंग आणि दौलतखान हे अधिकारी होते. त्यांची नावे आपल्या मुलांना सांगावी लागतात, कारण ती सहसा कानावर पडत नाहीत. एखाद्याला सरखेल म्हणायचे की लुटारू, हे बखर कोण लिहितो त्यावर ठरते.

मी भाच्याला विचारले, "अशा तोफा-बंदुकांची खरी लढाई तुझ्या गावात झाली आहे. माहीत आहे का?" त्याला माहीत नव्हते. त्याला घरी सोडायला जायचेच होते, म्हणून आम्ही एक दिवस आधीच निघालो.

नाशिकहून मालेगाव शंभर किलोमीटरहून थोडे जास्त. आग्रा रोडने ओझर, पिंपळगाव बसवंत मागे टाकले की द्राक्षबागा विरळ होत जातात आणि चांदवडजवळ सातमाळ्याचे डोंगर रस्त्याच्या अंगावर येतात. इंद्राई, राजदेहेर, चांदवड, सगळे किल्लेच. पुढे राहुडचा घाट उतरून उमराणे, सौंदाणे आणि मग मालेगाव.

या डोंगरांकडे बघताना १८१८ सालचा हिशेब समोर ठेवावा. त्या वर्षी एप्रिल महिन्यात कर्नल मॅकडोवेल इंग्रजांची फौज घेऊन इथे आला. अंकाईसारखा अवघड किल्ला न लढता हाती आला. राजदेहेर लगेच पडला. एप्रिल संपायच्या आत त्र्यंबकगडही गेला आणि त्याची धास्ती घेऊन डझनाहून अधिक किल्ल्यांनी आपले दरवाजे उघडले. आभाळाला भिडलेले हे गड असे भराभर गेले. सपाट जमिनीवरचा मालेगावचा भुईकोट मात्र जवळजवळ महिनाभर झुंजला.

आज हा किल्ला शहराच्या मधोमध आहे. चहूबाजूंनी वस्ती, रिक्षांचे भोंगे, आणि थोडे बाजूला गेले की यंत्रमागांचा खडखडाट. आत काकाणी विद्यालय भरते. ज्या भिंतींनी तोफा झेलल्या, त्यांच्या आडोशाला मुले मधल्या सुट्टीत डबे खातात. तट आणि बुरूज अजून उभे आहेत. बाहेर खंदक, मग तट, त्याच्या आत आणखी उंच तट अशी बांधणी. दिल्लीहून आलेल्या कारागिराने ती केली असे सांगतात. भाच्याने बुरुजाच्या दगडावर हात फिरवला आणि विचारले, "आत कोण होते?"

आत अरब होते. त्या काळी येमेनच्या हद्रमौत भागातून अनेक तरुण जहाजाने हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उतरत आणि निजामाच्या, पेशव्यांच्या, सरदारांच्या पदरी नोकरी धरत. लांब नळीची तोड्याची बंदूक आणि कमरेला वाकडा जंबिया ही त्यांची ओळख. ते पगारी शिपाई होते. देशासाठी लढले असे म्हणून त्यांना मोठे करायची गरज नाही. पण एकदा जागा धरली की ते सहसा सोडत नाहीत, असा त्यांचा लौकिक होता आणि तो मालेगावात खरा ठरला.

मॅकडोवेल मे महिन्याच्या मध्यावर इथे पोचला. त्याने मोर्चे बांधायला सुरुवात करताच अरब रात्री किल्ल्याबाहेर पडून तुटून पडले. त्या चकमकीत इंग्रजांचा मुख्य इंजिनिअर मारला गेला. तोफांनी तटाला खिंडार पडले, तेव्हा २९ मे रोजी फौज हल्ल्यासाठी पुढे आली. दुसरा इंजिनिअर अधिकारी खिंडाराच्या माथ्यावर चढला. आत उतरायला वाट नाही हे त्याला वरून दिसले आणि तिथेच गोळी लागून तो पडला. हल्ला फसला. मग इंग्रजांनी अहमदनगरहून आणखी तोफा मागवल्या. याच दरम्यान, ३ जूनला, खुद्द दुसरे बाजीराव पेशवे माल्कमच्या स्वाधीन झाले. ज्यांचे राज्य होते तेच शरण गेले आणि मालेगावचे अरब तरीही लढतच राहिले.

११ जूनला उखळी तोफांचा मारा किल्ल्याच्या दारूकोठारात पोचला. सोरा, गंधक आणि कोळसा, एवढीच ती दारू. शंभर भागांत साधारण पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा कोळसा, दहा गंधक. मोकळ्यावर चिमूटभर पेटवली तर भस्सकन जळून पांढरा धूर होतो. बंदिस्त कोठारात मणामणाने साठवलेली एकदम पेटली की भिंती उडतात. तेच झाले. तटाचा मोठा भाग खंदकात कोसळला. आतली माणसे मेली, होती ती दारूही गेली. त्यानंतर अरबांनी बोलणे सुरू केले. तोवर इंग्रजांच्या बाजूला दोनशेच्या वर माणसे मेली किंवा जखमी झाली होती.

ही गोष्ट ऐकून भाचा म्हणाला, "मामू, यावर तर पिक्चर निघाला पाहिजे!" मालेगावच्या मुलाच्या तोंडून हे येणारच. नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी याच गावात 'मालेगाव के शोले' काढला. त्यात डाकू घोड्यांऐवजी सायकलवर आले. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' आला. यंत्रमागावर काम करणाऱ्या किडकिडीत शफीक शेख यांना त्यांनी आकाशात उडवले. त्या खटपटीवर फैजा अहमद खान यांनी माहितीपट केला आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा हिंदी चित्रपटही आला. कॅमेरा फिरवायला महागडी गाडी नाही म्हणून सायकल, उंचावरून दृश्य टिपायला बैलगाडी. सोंग वठवायची अशी हौस आणि अक्कल असलेले गाव शोधून सापडायचे नाही.

मग याच गावाने आपल्या किल्ल्याची लढाई का उभी करू नये? मोहरमच्या आखाड्यात दांडपट्टा आणि लाठी फिरवणारी पोरे आपल्या मोहल्ल्यांत आहेत. कपडे शिवायला गावात कापडाची काय कमी? खऱ्या दारूची गरजही नाही, आणि तिच्या वाटेला जाऊही नये. आपल्याकडे ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो आणि दारू हा स्फोटक पदार्थ आहे. लाकडी बंदूक, ढोलाचा आवाज आणि थोडा धूर एवढ्यावर काम भागते. सायकलचा घोडा करणाऱ्यांना हे शिकवायला नको.

अवघड भाग वेगळाच आहे. एका बाजूला अरब उभे केले की दुसऱ्या बाजूला कोण? मॅकडोवेलच्या फौजेत गोरे थोडे होते. बहुतेक शिपाई मद्रासकडचे, इथलेच, हिंदू आणि मुसलमान दोन्ही. तटावरून गोळी मारणारा आणि खालून शिडी लावणारा, दोघेही पगारासाठी आलेले, आणि जुम्याची नमाज दोन्हीकडे होत असणार. लुटुपुटूच्या लढाईत इतके बारकावे नको असतात. तिथे एक वाईट आणि एक चांगला लागतो. टॅम्पाला तेवढ्यावर भागते, कारण त्यांचा चाचाच मनातला आहे. आपली माणसे खरी होती, त्यांच्या बाबतीत तसे करून चालणार नाही.

जुने पुन्हा उभे करायचे तर मेहनत घेऊन करावे, याचे उदाहरण ताजे आहे. अजिंठ्याच्या चित्रातले जहाज बघून 'कौंडिण्य' हे जहाज गोव्यात बांधले गेले. त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये ते पोरबंदरहून ओमानच्या मस्कतकडे निघाले आणि जानेवारीत पोचले. मालेगावचे अरब ज्या समुद्रावरून आले, त्याच समुद्रावरून हे जहाज उलट्या दिशेने गेले.

मालेगावकरांनी खेळ बसवलाच, तर तो दारूकोठाराच्या धडाक्यावर संपवू नये. गोष्ट त्यानंतर दोन दिवस चालली. अरबांना तोंडी शब्दावर भरवसा नव्हता. त्यांनी लेखी मागितले. मॅकडोवेलच्या मनात बिनशर्त शरणागती होती. पण त्याच्या छावणीतून जे पत्र गेले ते मराठीत होते आणि त्यातल्या शब्दांचा अर्थ बराच उदार निघाला. किल्ल्यातल्या लोकांच्या भल्याचे ते करू, सरकारी खर्चाने त्यांना जेवू घालू, आणि त्यांना हवे तिथे जाऊ देऊ. अरब हत्यारे ठेवून बाहेर आले आणि मग इंग्रजांमध्ये वाद सुरू झाला की आपल्याला असे म्हणायचेच नव्हते. प्रकरण एल्फिन्स्टनपर्यंत गेले. पत्रात लिहिले आहे तसेच वागा, असा हुकूम त्याने दिला.

भाच्याला मी म्हटले, "नाटक केलेस तर ते पत्र वाचणाऱ्याचे काम तू घे." तो थोडा हिरमुसला, त्याला बुरुजावर बंदूक घेऊन उभे राहायचे होते. संध्याकाळी घरी दस्तरखान पडले तेव्हा मात्र तो आपल्या अब्बांना विचारत होता की मराठी पत्र अरबांना वाचून कोणी दाखवले असेल, आणि त्या माणसाला दोन्ही भाषा कुठे शिकायला मिळाल्या असतील.