क्रॉसिंगचे दिवे, व्हाया बारामती

वीकएंडला लोक महाबळेश्वरला जातात. मी बारामतीला गेले, तेही पर्समध्ये काडेपेटीएवढा सर्किट बोर्ड घेऊन!

बोर्ड बाबांच्या मॉडेल ट्रेनच्या फाटकाचा. शाळेत असताना त्यांनी मला कोथरूडचं, १९९८ साली सुरू झालेलं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम दाखवलं. वेड मात्र त्यांनाच लागलं. घरी प्लायवूडवर रूळ आले, बोगदा आला, फाटक आलं. फाटकाचे दोन लाल दिवे आलटून पालटून लुकलुकायचे. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. आता दोन्ही दिवे सलग मिणमिणतात. त्यात आम्ही घर बदलतोय. आई म्हणाली, "बिघडलेलं कशाला न्यायचं? देऊन टाकू." पुण्यात दोन दुकानांत विचारलं. दोघांचं उत्तर एकच : नवीन घ्या.

मग आठवला आतेभाऊ. दादा बारामतीत मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करतो. स्वारगेटहून विनाथांबा एसटी पकडली आणि थेट त्याचं दुकान गाठलं.

टेबलावर विहिरीवरच्या मोटारींचे बोर्ड रचलेले. मोबाइलवरून मोटर चालू-बंद करणारेही. शेतीची लाइट कधी रात्री येते. तेव्हाच बोर्ड रुसला, तर उसाची पाण्याची पाळी चुकते. इथे 'नवीन घ्या' म्हणून चालतच नाही.

दादाने बोर्डाला बारा व्होल्ट दिले, दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "बंद न्हाय गं ते. लई जोरात पळतंय."

म्हणजे? बोर्डावर ५५५ नावाचा टायमर आयसी. शेजारचा छोटा कपॅसिटर भरतो, रिकामा होतो, त्या तालावर दिवे बदलतात. जुना कपॅसिटर आतून सुकला की भरायला वेळच लागत नाही. दिवे इतके भराभर बदलतात की डोळ्यांना सलग दिसतात. दादाने नवा कपॅसिटर जुन्याच्या पायांना नुसता टेकवला, प्लसला प्लस. आणि काय सांगू, दिवे लुकलुकायला लागले! मग जुना काढून नवा सोल्डर केला. खर्च? कटिंग चहापेक्षा कमी.

संध्याकाळी इंदापूरला, आत्याकडे. वाटेत भवानीनगर, लासुर्णे, मग कंडक्टर ओरडला, "जंक्शऽऽन!" गावाचं नाव जंक्शन, रेल्वेचा मात्र पत्ता नाही. इंदापूर शहरातही स्टेशन नाही. आत्या म्हणाली, "तुझा बाप गाडी बघायला भिगवणला पळायचा. मार खायचा, पण जायचा." हे बाबांनी कधी सांगितलंच नव्हतं.

रात्री आईला व्हिडिओ कॉल लावला आणि लुकलुकते दिवे दाखवले. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "नव्या घरात हॉलमध्ये जागा करू."

तेव्हा मंडळी, बारामती-इंदापूरला नक्की जा. सकाळी भिगवणला फ्लेमिंगो बघायचे असतील तर हिवाळ्यात. आणि हो, घरात काही बंद पडलं असेल तर बरोबर घ्या. कदाचित ते नुसतंच जोरात पळत असेल!