मोजका श्वास

मंगळावर हवा आहे. पण ती आपल्या हवेच्या शंभराव्या हिश्शाहूनही विरळ आणि बहुतेक सगळी कार्बन डायऑक्साइडची. २०२१ साली ‘पर्सिव्हरन्स’ गाडीतल्या ‘मॉक्सी’ यंत्राने ती ओढून घेतली, दाबली, ८०० अंशांपर्यंत तापवली आणि विजेच्या बळावर तिच्यातून प्राणवायू वेगळा केला. २०२३ पर्यंत १६ खेपांत मिळून निघाला अवघा १२२ ग्रॅम!

विज्ञानाच्या वाटेला कधी न गेलेली मी या आकड्यापाशी थबकले. आजोबांच्या शेवटच्या आजारात उशाशी सिलिंडर असे. त्याच्या काट्याकडे आम्ही रात्ररात्र डोळे लावून बसत असू. मंगळावर उतरणाऱ्याला तो काटा क्षणभरही विसरता येणार नाही. परतल्यावर अंगणातला वारा त्याला केवढा श्रीमंत वाटेल!