लोखंडावरची अक्षरे

जुनी जीप ज्या घरात असते, त्या घरात तिच्याविषयी एक कथाही असते आणि ती बहुधा दुसऱ्या महायुद्धाची असते. त्या कथेला आधार नाही असे नाही. विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनविल्या. युद्ध संपल्यावर त्यांतील कित्येक लष्कराच्या लिलावांतून सामान्य माणसांच्या हाती आल्या. मात्र त्याच बांधणीच्या नागरी जीपगाड्या १९४५ पासून निघू लागल्या होत्या, हे सहसा कोणी लक्षात घेत नाही.

मुळशी तालुक्यात, पौडच्या पुढे, माझ्या मामांची शेती आहे. तेथे गोठ्यालगतच्या पडवीत अशीच एक जीप उभी आहे. आजोबांनी ती घेतली तेव्हा मामा शाळकरी वयाचे होते. "ही लढाईतली गाडी आहे," हे वाक्य आम्ही भाचरे लहानपणापासून ऐकत आलो. मामांनी आता ऐंशी ओलांडली आहे. आपल्या हयातीत गाडीचे कागद नीट व्हावेत आणि ती नातवाच्या हाती सुपूर्द करावी, एवढीच त्यांची इच्छा आहे.

त्यासाठी एक वाट उपलब्ध झाली आहे. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्ही.ए.' या अक्षरांची वेगळी नोंदणी सुरू केली. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात असावी. सांगाडा, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे इंजिन कोणते, हे आधी ठरविणे आले. मामांच्या आर.सी. बुकातील नेमके ते पान वाळवीने खाल्ले होते.

गावातील मिस्त्री वयाने तरुण, पण हाताने जाणते. मी समोरच्या जाळीकडे बोट दाखविले. युद्धातल्या जीपला नऊ उभ्या फटी असतात आणि नागरी जीपला सात. मामांच्या गाडीला सात होत्या. मिस्त्री हसून म्हणाले, "काका, पत्र्यावर जाऊ नका. पत्रा कुणीबी बदलतो. इंजिनाला विचारा."

इंजिनाला विचारण्याची रीत अशी. ठोकळ्यावर, म्हणजे ब्लॉकवर, दोन प्रकारचे आकडे असतात. ओतीव आकडे उठावाचे असतात. ते साच्यातूनच येतात आणि एका नमुन्याच्या असंख्य ठोकळ्यांवर सारखेच असतात. ते कुळी सांगतात. ठोकलेले आकडे मात्र खोलगट असतात. घासून सपाट केलेल्या छोट्या उंचवट्यावर ते पंचाने एकेक करून उमटवलेले असतात. ते त्या एका इंजिनाचे स्वतःचे नाव होय.

युद्धकालीन विलीज इंजिनाचा क्रमांक 'एम.बी.' या अक्षरांनी सुरू होतो आणि फोर्डचा 'जी.पी.डब्ल्यू.' या अक्षरांनी. तो ठोकळ्याच्या उजव्या अंगाला, तेलाच्या फिल्टरजवळ सापडतो. नागरी जीपचा क्रमांक पुढे, पाण्याच्या पंपाजवळच्या उंचवट्यावर असतो. तेथे नुसता 'जे' असेल तर ते १९४५ ते १९४९ या काळातल्या पहिल्या नागरी नमुन्याचे इंजिन. 'तीन जे' असेल तर १९४९ नंतरच्या दुसऱ्या नमुन्याचे आणि 'चार जे' असेल तर १९५३ पासूनच्या उंच बॉनेटच्या जीपचे. त्या शेवटच्या इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, इंजिनाची उंची वाढली आणि म्हणून बॉनेटही वर गेले.

मिस्त्रींनी रॉकेलच्या बोळ्याने सत्तर वर्षांचे वंगण पुसले. पोलादी ब्रश त्यांनी मुद्दाम वापरला नाही. त्याने अक्षरांच्या कडा मरतात. उजव्या अंगाला काहीच आढळले नाही. मग पंपाजवळचा उंचवटा स्वच्छ करून त्यावर खडू घासला आणि बॅटरीचा उजेड तिरपा धरला. खोलगट रेषांत खडू बसला. प्रथम तीनचा आकडा दिसला, नंतर 'जे'. हेडही सपाट होते. म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह खाली ठोकळ्यातच. नाव आणि बांधणी या दोन साक्षी जुळल्या. पुढची काचही अखंड होती आणि त्या नमुन्याची ती खूणच आहे. जीप लढाईनंतरची होती.

क्रमांकाच्या शेवटी आणखी दोन अक्षरे निघाली : 'ए' आणि 'बी'. त्यांचा अर्थ कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेला आहे. 'ए' म्हणजे बेअरिंगे ठरल्या मापाहून इंचाच्या शंभराव्या भागाने लहान. 'बी' म्हणजे पिस्टन तेवढ्याच फरकाने मोठे. हा फरक पाव मिलिमीटरएवढा. कारखान्यातच घडाईत थोडे इकडेतिकडे झाले, ते तेथेच सुधारले आणि सुधारल्याची नोंद नावापुढेच कायमची ठोकून ठेवली. पुढे कोणा अनोळखी मिस्त्रीने चुकीचे सामान बसवू नये, एवढ्यासाठी. नंतर कोणी रिबोअर केले असल्यास ही अक्षरे ते सांगत नाहीत. म्हणून माप घ्यावेच लागते. तरीही तो प्रामाणिकपणा पाहून मी थक्क झालो.

याच सुमारास एका मध्यस्थाने निराळा सल्ला दिला. लढाईतल्या जीपला हौशी लोक जास्त मोल देतात. आकडे कानशीने घासून 'एम.बी.' ठोकून घ्या, एका दुपारचे काम आहे. कागदपत्रांच्या दृष्टीने हा उघड गुन्हा. शिवाय तो लपतही नाही. यंत्रावर घासलेल्या लोखंडावर बारीक समांतर रेषा असतात. कानस फिरली की त्या जातात आणि हाताने ठोकलेली अक्षरे एका ओळीत बसत नाहीत. पण मला भीती होती ती वेगळीच. कथा मोडल्याचे दुःख मामांना मोहात तर पाडणार नाही ना?

मामा बराच वेळ गप्प होते. मग मला म्हणाले, "लढाईला गेली नाही ना ती? बरं झालं. म्हणजे तिच्यावर बसून कुणी कुणाला मारलं नाही. आपल्याकडे तिनं भाताची पोती वाहिली, पावसाळ्यात अडलेल्या बायकांना पौडला नेलं. तुझ्या आजोबांनी ती घेतली, हे तर खरं आहे ना? मग तेवढंच लिही."

त्या मध्यस्थाला मामांनी चहा दिला आणि वाटेला लावले.

अर्जात आम्ही ठोकळ्यावर आहे तोच क्रमांक लिहिला, शेवटच्या दोन अक्षरांसह. नव्या नोंदणीनंतर ही जीप भाताची पोती वाहू शकणार नाही. प्रदर्शन, संशोधन, जुन्या गाड्यांची फेरी, इंधन व देखभाल एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येईल. मामांना त्याचे वाईट वाटत नाही. गाडीने आपले काम केले आहे, असे ते म्हणतात. नातू आता आल्यागेल्याला बॉनेट उघडून पंपाजवळची अक्षरे दाखवितो आणि 'ए' व 'बी' चा अर्थ सांगतो. लढाईची कथा ऐकायला आम्हां सर्वांनाच गोड वाटत असे. पण या घराचे कष्ट तिच्यात कोठेच नव्हते. ते या कथेत आहेत.