मांजर झालेला इंद्र आणि पैठणची भाषा

१/९
मांजर आडवे गेले की क्षणभर थबकणारी माणसे छत्रपती संभाजीनगरच्या गल्ल्यांत आजही दिसतात. भयपटांनी या समजुतीला काळा रंग, लकाकणारे डोळे आणि सूड यांची जोड दिली. मात्र मांजर आणि शाप यांची एक फार जुनी कथा शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर असलेल्या पैठणच्या कथापरंपरेशी नाते सांगते.

२/९
पैठण म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. येथील दरबारातील गुणाढ्याने पैशाची भाषेत ‘बृहत्कथा’ रचली, असे परंपरा मानते. तिच्या जन्माची कथाही भाषेच्या घोटाळ्यातून सुरू होते. जलक्रीडेत राणी संस्कृतात म्हणाली, पाणी उडवू नका. ‘मा’ आणि ‘उदकैः’ यांचा संधी ‘मोदकैः’ होतो. राजाने मोदक मागवले आणि सर्वांदेखत त्याचे हसे झाले.

३/९
खजील झालेल्या राजाला संस्कृत शिकायचे होते. गुणाढ्याने ६ वर्षे मागितली, शर्ववर्म्याने ६ महिन्यांची पैज लावली. गुणाढ्य हरला आणि ठरल्याप्रमाणे त्याने संस्कृत, प्राकृत व देशी या तिन्ही भाषा सोडल्या. उरली ती पैशाची.

४/९
मूळ बृहत्कथा लोप पावली. ११व्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने तिचा वारसा सांगत संस्कृतात ‘कथासरित्सागर’ लिहिला. त्याच्या १८ लंबकांपैकी तिसऱ्यात अहल्येची कथा येते. वाल्मीकी रामायणातील याच प्रसंगात मांजर नाही, येथे आहे.

५/९
गौतम ऋषी आश्रमात नसताना इंद्र अहल्येपाशी आला. गौतम परतताच देवांच्या राजाने मांजराचे रूप घेतले. ‘येथे कोण आहे?’ या पतीच्या प्रश्नाला अहल्येने प्राकृतात उत्तर दिले. त्यातला कळीचा शब्द होता ‘मज्जाओ’.

६/९
संस्कृत ‘मार्जार’ प्राकृतात ‘मज्जार’, ‘मज्जाओ’ असा होतो. ‘माझा जार’ म्हणजे ‘मत्’ अधिक ‘जार’, त्याचेही उच्चारण तेच. मांजर आणि प्रियकर एका शब्दात मावले. संस्कृतात लिहिणाऱ्या सोमदेवालाही हे उत्तर प्राकृतातच ठेवावे लागले. आपला ‘मांजर’ हा शब्द याच कुळातला. सातवाहनांच्या काळाशी जोडली जाणारी हालाची ‘गाथासप्तशती’ही प्राकृतातच आहे.

७/९
गौतम हसले, त्यांना दोन्ही अर्थ कळले होते. त्यांनी अहल्येला शिळा होण्याचा शाप दिला, परंतु ती सत्याला धरून बोलली म्हणून त्या शापाला रामदर्शनाची मर्यादा घातली. इंद्रालाही शाप मिळालाच. मांजराला मात्र कोणी शाप दिला नाही, कारण तेथे मांजर नव्हतेच.

८/९
भयपटांतील मांजर बहुधा दुसऱ्या बाजूला उभे असते. कानेतो शिंदो यांच्या ‘कुरोनेको’ (१९६८) या जपानी चित्रपटात सामुराईंच्या अत्याचाराला बळी पडलेल्या सासू-सुना काळ्या मांजराच्या साथीने भुते होऊन परततात. ‘कॅट पीपल’ (१९४२) मधील इरेनाला आपल्या गावाच्या शापाचे भय आहे. तेथे मांजराच्या रूपात दुखावलेली किंवा भ्यालेली स्त्री असते. सोमदेवाच्या कथेत त्या रूपाआड लपतो तो सर्वांत सामर्थ्यवान पुरुष, आणि त्याला उघडे पाडते ती स्त्री.

९/९
तरीही शिळा झाली ती अहल्याच. खऱ्या बोलण्याने तिची शिक्षा टळली नाही, तिला केवळ शेवट मिळाला. कथेतील हा भाग मांजराच्या डोळ्यांपेक्षा अधिक भयावह आहे. नाथांच्या समाधीसाठी किंवा जायकवाडीचे पाणी पाहण्यासाठी पैठणला जाणाऱ्यांनी वाटेत मांजर आडवे गेले तर मागे फिरण्याचे कारण नाही. त्याच्या नावात मात्र एका स्त्रीचे उत्तर दडले आहे, तेवढे आठवावे.