मोत्याच्या मागे मागे हावडा

बेलूर मठात स्वामी विवेकानंदांचा एक कुत्रा होता, बाघा. स्वामीजींच्या अखेरच्या वर्षांत मठात मुक्या प्राण्यांचा मोठा गोतावळा जमला होता. बदकं, शेळ्या, गळ्यात घुंगरू बांधलेलं मटरू नावाचं करडू, आणि या सगळ्यांचा पुढारी बाघा. एकदा त्यानं काहीतरी खोडी केली, म्हणून मठातल्या मंडळींनी त्याला गंगेपलीकडे नेऊन सोडलं. संध्याकाळी बाघा पलीकडच्या घाटावर आला आणि उतारूंबरोबर होडीत चढला. हाकललं तर दात विचकून गुरगुरला, पण खाली काही उतरला नाही. पहाटे चारच्या सुमाराला स्वामीजी उठले, तेव्हा अंधारात त्यांच्या पायाला काहीतरी लागलं. पाहतात तो बाघा! त्यांनी त्याला थोपटलं आणि सगळ्यांना बजावलं, की यानं काहीही केलं तरी याला पुन्हा घालवायचं नाही. ग्रहण लागल्याच्या घंटा वाजल्या की बाघा स्नानाच्या लोकांबरोबर गंगेत उडी घ्यायचा, अशीही आठवण सांगतात. ४ जुलै १९०२ रोजी स्वामीजी गेले. पुढे बाघाही गेला. त्याचा देह गंगेत सोडला होता, पण पाण्यानं तो मठाच्याच काठाला परत आणून लावला. मग त्याला मठाच्या जमिनीतच जागा मिळाली.

हावड्याची ओळख करून देताना लोक पुलाबद्दल बोलतात, नाहीतर स्टेशनाबद्दल. माझ्याकडे नागपूरहून कोणी आलं की मी आधी बाघाची गोष्ट सांगते. कारण हे गाव मलाही कुत्र्यांनीच दाखवलं.

बाबा रेल्वेत होते. तेव्हाची दक्षिण-पूर्व रेल्वे इकडे हावड्यापासून तिकडे पार नागपूरपर्यंत पसरलेली. त्यामुळे नागपूरच्या माणसाची बदली हावड्याला होणं यात नवल काही नव्हतं. नवल होतं ते आम्हा मुलांना. ऐंशीच्या दशकाची सुरुवात, सांतरागाछीची रेल्वे कॉलनी, सगळीकडे पाणी, शेवाळ, केळी, माशांचा वास, आणि एक अक्षर न कळणारी भाषा. शाळेतून आले की मी खिडकीत बसून राहायची. मग एका पावसाळ्यात बाबा कोळशाच्या ढिगाजवळ सापडलेलं एक तांबूस पिल्लू शर्टाच्या आत घालून घेऊन आले. नाव ठेवायला कुणाला फार विचार करावा लागला नाही. मोत्या.

मोत्याला बाहेर न्यायचं काम माझं. न्यायची मी, पण रस्ता तो ठरवायचा. क्वार्टर्सच्या मागून, रुळांच्या कडेनं, तिथून झिलाच्या, म्हणजे तळ्याच्या, काठावर. वाटेत प्रत्येक खांब हुंगायचा, प्रत्येक दारात एकदा डोकावायचं. ज्या घरात मला एकटीला पाऊल टाकायची हिंमत झाली नसती, तिथे हा सरळ आत, आणि मग त्याला आणायला मला जावंच लागे. असं मी शेजारच्या माशीमांच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा गेले. त्या पाटावर बसून बोटीवर रुई मासा कापत होत्या. बोटी म्हणजे आपल्या विळीची सख्खी बहीण, फक्त माशासाठी मोठी आणि भीती वाटावी इतकी धारदार. त्यांनी मोत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मला एक मुढीचा, म्हणजे मुरमुऱ्यांचा, लाडू दिला. मी बंगाली शिकले ती त्याच स्वयंपाकघरात.

मासा आमच्या घरात पहिल्यांदा आला तोही मोत्यामुळे. आई शाकाहारी, घरात अंडंसुद्धा येत नसे. पण माशीमांकडचा भात खाऊन आलेला मोत्या आईच्या वरणभाताकडे ढुंकून बघेना. आईनं बरेच दिवस दम धरला. शेवटी एका रविवारी तिनं बाबांना बाजारात पाठवलं, मागच्या अंगणात वेगळी चूल मांडली, वेगळं पातेलं काढलं, आणि नाकाला पदर लावून मासा उकडला. नंतरचं दृश्य मला आजही स्पष्ट दिसतं. आई पाटावर बसली आहे, पुढ्यात उकडलेल्या माशाची ताटली, आणि डाव्या हातानं पदर सावरत ती उजव्या हाताच्या दोन बोटांनी एकेक काटा वेचून बाजूला ठेवते आहे. काटा घशात अडकेल म्हणून भात परत परत चाचपते आहे. मोत्या समोर बसलेला, शेपटीनं अंगण झाडतो आहे, पण जागचा हलत नाही. स्वतः आईनं शेवटपर्यंत मासा खाल्ला नाही. काटे मात्र तिच्याइतके स्वच्छ आमच्या अख्ख्या कॉलनीत कुणाला काढता येत नसत, असं माशीमा सगळ्यांना सांगायच्या.

सांतरागाछीचा झील स्टेशनला लागूनच आहे. हिवाळ्यात तिथे पाखरांची गर्दी होते. सगळ्यात जास्त अडई, म्हणजे तिथल्या लोकांच्या बोलीत शराल, शिवाय हिमालयापलीकडून येणारी बदकं. झिलात जलपर्णी माजते. थंडीच्या आधी ती काढतात, पण सगळी काढत नाहीत. मधेमधे तिची बेटं राखतात, पाखरांना बसायला. मोत्याला मी तिथे साखळीला धरून न्यायची. पहिल्या वर्षी त्यानं भुंकून सगळा झील उठवला. दुसऱ्या थंडीत तो काठावर पुढचे पाय पसरून बसायला शिकला. कान टवकारलेले, नाकपुड्या हलताहेत, अंगावर मधूनच शिरशिरी येते आहे, पण आवाज नाही. मागून लोकल धडधडत जायची, शीळ घालत अडयांचा थवा वर उठायचा, एक फेरी मारून पुन्हा त्याच बेटावर उतरायचा, आणि मोत्या मान फिरवत ती पूर्ण फेरी बघायचा. कुत्रं शांत बसून काही बघत असेल तर आपणही बघतो. पाखरं बघायचा नाद मला लागला तो असा. आजही माझ्या पिशवीत दुर्बीण असते.

दुर्गापूजेच्या लांब सुट्टीत आम्ही नागपूरला जायचो, गीतांजलीनं. ही गाडी १९७७ साली सुरू झाली, आणि तेव्हा तिचं मोठं कौतुक होतं. मोत्याचा प्रवास गार्डच्या डब्यातल्या कुत्र्यांच्या पेटीत. बाबा आधी डॉक्टरचा दाखला घेऊन पार्सल ऑफिसात पावती करायचे, पेटीत गोणपाट अंथरायचे, आईची जुनी साडी वर टाकायचे. टाटानगर, राऊरकेला, बिलासपूर, रायपूर, जिथे गाडी जरा टेकेल तिथे बाबा फलाटावरून शेपटाच्या डब्याकडे पळत सुटायचे, हातात पाण्याचा तांब्या. कधी मीही मागे. पेटीच्या जाळीतून मोत्याचं नाक बाहेर आलेलं असायचं. तो पाणी प्यायचा, आमचे हात चाटायचा, गार्डसाहेब हिरवा झेंडा हातात घेऊन म्हणायचे, "झालं का?" आणि आम्ही पुन्हा पळत आपल्या डब्यात. अकराशे किलोमीटरच्या वरचा तो प्रवास. आजच्या पोरांना विमानात दोन तास कंटाळा येतो. माझ्या बालपणीचा सगळ्यात मोठा आनंद कुठला असं कुणी विचारलं, तर मी फलाटावरची ती धाव सांगेन.

बाबा निवृत्त झाले आणि नागपूरला परतायचं की नाही यावर घरात फार चर्चा झालीच नाही. आम्ही शिबपूरला, गंगेच्या जवळ, लहानसा फ्लॅट घेतला. समोर विद्यासागर सेतू नुकताच खुला झालेला, १० ऑक्टोबर १९९२ ला. त्याचे खांब वर चढताना मोत्यानं आणि मी सांतरागाछीहून फिरायला येऊन कितीदा पाहिले होते. पूल पूर्ण झालेला त्यानं पाहिला नाही.

शिबपूरचा कुत्रा भुलो. काळा, एका कानाला खाच, जातीचं म्हणाल तर अस्सल नेडी, म्हणजे आपलं गावठी. मी नोकरीसाठी रोज लाँचनं पलीकडे जायची, त्यामुळे भुलोचा दिवस बाबांचा आणि संध्याकाळ माझी. घाटावर चहाची टपरी होती. तिथल्या बरणीत लेडो बिस्किटं. हे बिस्कीट दगडासारखं कडक असतं, चहात बुडवल्याशिवाय माणसाच्या दाताला दाद देत नाही. कलकत्त्याच्या आणि हावड्याच्या टपऱ्यांवर माणसं ते दोघांसाठी विकत घेतात. अर्धं मातीच्या भांड्यातल्या चहात, अर्धं पायाशी बसलेल्या कुत्र्याला. गोदीतला हमाल, कॉलेजचा पोरगा, बँकेतला बाबू, सगळे हे करतात, आणि त्यात दानधर्म केल्याचा आव कुणाच्याही चेहऱ्यावर नसतो. या शहराबद्दल लोक बरंवाईट खूप बोलतात. मला विचाराल तर हे अर्धं बिस्कीट तोडणारा हात म्हणजे हे शहर.

अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला गंगेत बान येतो. समुद्राचं पाणी नदीच्या तोंडातून भिंतीसारखं उलटं चढत येतं. ते यायच्या आधी काठाच्या नावा सोडून मध्यावर नेतात, कारण काठाला बांधलेली नाव आपटून फुटते. घाटावर हाकाटी सुरू होते, "बान आश्छे, बान!" भुलोला ते आमच्या आधी कळायचं. बिस्कीट तोंडात तसंच धरून तो पायऱ्या चढून वर येऊन उभा राहायचा आणि बाबा येईपर्यंत भुंकत राहायचा. मग पाणी घुमत येई, खालच्या पायऱ्या गिळून टाकी, आणि ओसरलं की भुलो खाली जाऊन ओल्या पायऱ्या नव्यानं हुंगून काढी.

आई गेल्यावर बाबांशी घरात दिवसभर मराठी बोलायला कुणी उरलं नाही. माझं ऑफिस, भाऊ पुण्याला. हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात गणपतीला जायचो, चार माणसं भेटायची, पण ते गणपतीपुरतं. बाबा भुलोशी बोलू लागले. घाटाच्या कठड्यावर बसून ते त्याला नागपूरच्या इतवारीतली दुकानं सांगायचे, आईच्या हातच्या सांबारवडीबद्दल सांगायचे, आजचा पेपर सांगायचे. भुलो त्यांच्या पायावर हनुवटी टेकून ऐकायचा. वर्षभरात टपरीवाल्या दादाला "बस रे बाळा" आणि "चल घरी" पाठ झालं. भुलो त्याचंही ऐकायचा. म्हातारपणी माणसाला आपल्या भाषेत ऐकून घेणारं कुणीतरी लागतं. डॉक्टर हे औषध लिहून देत नाहीत, पण बाबांची पुढची वर्षं त्यावरच बरी गेली.

भुलो आजारी पडला तेव्हा आम्ही त्याला पिवळ्या टॅक्सीत घालून बेलगाछियाला नेलं. तिथलं पशुवैद्यक महाविद्यालय १८९३ सालचं. बाहेरच्या व्हरांड्यात माणसं आपापली कुत्री, मांजरं, कोंबड्या मांडीवर घेऊन रांगेत बसलेली. मूत्रपिंडं गेली होती. त्याचं वय झालं होतं. यावर अधिक लिहवत नाही.

लाली आली ती २० मे २०२० च्या रात्री, अम्फान वादळात. टाळेबंदी चालू, टपऱ्या बंद, घाटावरची कुत्री आधीच उपाशी. आम्ही काही शेजारी भात शिजवून नेत होतो. त्या रात्री वारा असा होता, की खिडक्यांच्या काचा धरून बसलो होतो. सकाळी दार उघडलं तर जिन्यात, बंद मीटरच्या खाली, हाताएवढं पिल्लू चिखलानं माखून बसलेलं. जवळच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये किती झाडं आडवी झाली होती, १७८७ सालच्या त्या बागेतल्या प्रसिद्ध वडालाही मार बसला होता. तो वड मात्र तगला. त्याचं मूळ खोड कीड लागल्यानं १९२५ मध्येच काढून टाकलेलं, तेव्हापासून तो नुसत्या पारंब्यांवर उभा आहे.

लालीचं आणि माझं आता रोजचं ठरलेलं आहे. बागेच्या भिंतीच्या कडेनं, मग घाट, मग टपरी. तिथे आता दादाचा मुलगा बसतो. दुर्गापूजेत षष्ठीला मांडवात ढाक, म्हणजे इथला मोठा ढोल, वाजायला लागला की ती ढाकीच्या समोर जाऊन बसते, आवाजाची तिला भीती नाही. भीती फटाक्यांची. कालीपूजेच्या रात्री ती पलंगाखाली थरथरत असते, आणि मी जमिनीवर उशी टाकून तिच्या शेजारी झोपते. आमच्या इमारतीत हल्ली कुणीतरी हस्की आणला आहे. देखणा आहे, पण जेठ महिन्यात, अंगातून पाणी काढणाऱ्या उकाड्यात, तो बिचारा दिवसभर एसीच्या खोलीत कोंडलेला असतो. बर्फातल्या जनावराला हावड्यात आणणं हा अन्याय आहे, आणि तो पैसे मोजून विकत घेतलेला अन्याय आहे.

तुमच्या गल्लीतही एखादी लाली असेल. तिला घरी आणा. जमत नसेल तर निदान तिला रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्या, तिची नसबंदी करून घ्या. २०२३ चे केंद्राचे नियमही लस आणि नसबंदी करून कुत्र्याला त्याच्याच जागी सोडा असं सांगतात. चैत्र-वैशाखात दाराशी पाण्याचं भांडं ठेवा. आणि घरी आणलंत तर संध्याकाळी तिला बाहेर न्या, घाई न करता, आणि रस्ता तिला ठरवू द्या.