बारमाही रस्ता

सरकारी नोकरीत 'दौरा' या शब्दाला एक ठरावीक अर्थ आहे. गाडी दारात येते, अधिकारी मागच्या आसनावर बसून फायली चाळतो, आणि ज्या रस्त्याने जायचे तो रस्ता त्याच्या येण्याआधीच झाडूनपुसून तयार असतो. मोटारसायकलवरून एकट्याने केलेल्या भटकंतीत यातले काहीच नसते. कुणाला वर्दी दिलेली नसते, म्हणून रस्ता जसा असेल तसाच भेटतो.

मार्च महिन्यातला एक रविवार मी असा सातपुड्यात घालवला. मध्य प्रदेशातील छिंदवाडा नागपूरपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर आहे. वाटेतल्या सौसरच्या बाजारात आपली मराठी सर्रास ऐकू येते. छिंदवाड्याहून उत्तरेला निघाले, की ती मागे पडते. सकाळी सहाला निघालो तेव्हा टाकी भरलेली होती, सोबत पाणी, पंक्चर काढण्याचे साहित्य आणि फडक्यात बांधलेल्या दशम्या होत्या. परासियाचा कोळसा खाणींचा पट्टा ओलांडल्यावर चढण सुरू झाली. साग पानगळीने उघडाबोडका झाला होता आणि त्या करड्या रानात पळस मात्र पेटल्यासारखा दिसत होता. तामियाला कड्यावरच्या विश्रामगृहाजवळ जमीन एकाएकी तुटते आणि खाली निळसर डोंगरांच्या रांगांमागून रांगा दिसू लागतात. तेथे चहा घेतला आणि मोठा रस्ता सोडला.

आडवाटेचे हे रस्ते अरुंद असतात. समोरून बैलगाडी आली, तर दोघांपैकी एकाने बाजूला उतरावे लागते. कार्यालयात मी त्यांना आकड्यांच्या रूपाने ओळखतो. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना 25 डिसेंबर 2000 रोजी सुरू झाली. 2001 च्या जनगणनेनुसार सपाटीवर 500 आणि डोंगराळ, वाळवंटी व आदिवासी भागांत 250 लोकसंख्येच्या वस्त्यांना बारमाही रस्त्याने जोडणे हे तिचे मूळ उद्दिष्ट. आजवर देशभरात या योजनेतून साडेसात लाख किलोमीटरांहून अधिक रस्ते झाले आहेत. स्वतंत्र भारताच्या प्रशासनाने अभिमानाने सांगावे, असे हे काम आहे. मात्र जोडणीच्या तक्त्यात वस्तीला दोनच रकाने मिळतात: 'जोडलेली' आणि 'न जोडलेली'.

चाकाखाली तिसरा रकाना सापडतो. एका रस्त्यावर चार-पाच किलोमीटर गाडी अलगद गेली. एका मोरीनंतर मात्र डांबर संपले आणि नुसती खडी उरली. डोंगराकडचे गटार पालापाचोळ्याने बुजले होते. त्यामुळे पावसाचे पाणी रस्त्यावरूनच वाहिले असावे आणि त्याने कड खाऊन टाकली होती. रस्ता कोणत्या योजनेतला, हे फलकाचा रंग उडाल्याने कळत नव्हते. पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही पाय टेकत, दोन किलोमीटरांना अर्धा तास लागला.

पुढे झाडाखाली एक बाई मोहफुले वेचत होती. रस्ता केव्हा झाला, असे मी हिंदीत विचारले. शेजारी टोपली घेऊन उभ्या असलेल्या मुलीकडे बोट दाखवून ती म्हणाली, "ही झाली त्या साली." मुलगी बारा-तेरा वर्षांची असेल. त्यानंतर दुरुस्ती झाली का, यावर ती म्हणाली, "एकदाच झाला. पावसाळ्यात जीप मोरीच्या पलीकडेच थांबते. बाई अडली, तर खाटेवर घालून तिथपर्यंत न्यावी लागते."

तक्त्यात हे गाव जोडलेलेच राहणार. वर्षातले आठ महिने ते खरेही आहे.

दुपारी पाताळकोटच्या काठावर पोहोचलो. दीड हजार फुटांच्या आसपास खोल असलेल्या या दरीत बारा गावे आहेत, आणि तेथे प्रामुख्याने भारिया ही विशेष दुर्बल आदिवासी जमात राहते. पूर्वी येथली चारोळी मिठाच्या बदल्यात विकली जाई, असे सांगतात. बाजार दूर असला, की भाव घरापर्यंत येणारा व्यापारीच ठरवतो. अर्थशास्त्राच्या वर्गात हे आकृती काढून शिकवावे लागते, दरीच्या काठावर ते नुसते दिसते. नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानात अशा जमातींच्या 100 लोकसंख्येच्या वस्त्यांपर्यंतही रस्ते नेण्याची तरतूद आहे. निकष 500 वरून 100 पर्यंत उतरला, याचा आनंद आहे. परंतु वस्ती जितकी लहान आणि डोंगर जितका उभा, तितका रस्ता टिकवणे अवघड.

ग्रामसडक योजनेत पहिली पाच वर्षे देखभाल बांधणाऱ्या कंत्राटदाराकडेच असते. त्यानंतरचा भार राज्याच्या तिजोरीवर येतो, आणि तेथे देखभाल हा सर्वांत सोयीने पुढे ढकलता येणारा खर्च ठरतो. जागतिक बँकेच्या 1994 च्या जागतिक विकास अहवालात आफ्रिकेचे उदाहरण आहे: आधीच्या दशकात वेळच्या वेळी 12 अब्ज डॉलर देखभालीवर खर्च झाले असते, तर रस्ते पुन्हा बांधण्याचे 45 अब्ज वाचले असते. हिशेब इतका स्वच्छ असूनही तो पाळला जात नाही, कारण उद्घाटन नव्या रस्त्याचे होते. डागडुजीचा नारळ कुणी फोडत नाही.

शिवाय हे आम्हा अधिकाऱ्यांना दिसतही नाही. रॉबर्ट चेंबर्स यांनी 1983 मध्येच लिहून ठेवले आहे, की गावे पाहायला येणारे बाहेरचे लोक डांबरी रस्त्याच्या कडेची गावे पाहतात आणि कोरड्या ऋतूत पाहतात. आमचे बहुतेक दौरे ऑक्टोबर ते मे या काळातले असतात. माझा हा रविवारही मार्चमधलाच होता.

दिवसभरात पावणेदोनशे किलोमीटर झाले. परतताना पळसावर तिरपे ऊन होते आणि रस्ता फार सुंदर दिसत होता. 'बारमाही' या शब्दाची परीक्षा मात्र उरलेल्या चार महिन्यांतच होते. वर्षातली एक तरी तपासणी भर पावसात व्हावी, असा प्रस्ताव मी मांडणार आहे. तो मंजूर होईल तेव्हा होईल; जुलैमधल्या दोन दिवसांच्या रजेचा अर्ज मी देऊन ठेवला आहे.